इश्यू नेमका बंद करतं कोण?

टर्मिनलवर ‘जीएच’ वापरणाऱ्या अनेकांना ती गिटचीच एखादी पोटआज्ञा वाटते. इंटरनेट बंद करून पाहा. गिटचं कमिट होतं, ब्रँच बदलते, जुना इतिहासही दिसतो. ‘जीएच इश्यू लिस्ट’ मात्र हात वर करते. गिट हे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं. इश्यू, म्हणजे कामांची नोंद, ही २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबच्या सर्व्हरवरची गोष्ट आहे, आणि गिटला तिचा पत्ताही नसतो. गिटहबचं हे कमांड लाइन साधन (पहिली पक्की आवृत्ती सप्टेंबर २०२० ची) त्या दोघांमधला निरोप्या आहे.

म्हणूनच ‘रिपो क्लोन केली, म्हणजे सगळं आपल्याकडे आलं’ हा दिलासाही खोटा. कोड आणि त्याचा इतिहास येतो. इश्यू, त्यावरची चर्चा, लेबलं सर्व्हरवरच राहतात. रिचर्ड हिप यांच्या फॉसिलमध्ये तिकिटं रिपॉझिटरीतच साठवली जातात, पण गिटहबची मांडणी तशी नाही. बॅकअप घेणाऱ्यांनी तरी हे विसरू नये.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘फिक्सेस #४२’ या ओळीचा. कमिटच्या संदेशात ती लिहिली की इश्यू तिथल्या तिथे बंद होतो, अशी समजूत असते. कमिट तुमच्या लॅपटॉपवर असेपर्यंत सर्व्हरला काही कळत नाही. दुसऱ्या ब्रँचवर पुश केलं, तर इश्यूच्या पानावर उल्लेख दिसेल, एवढंच. इश्यू बंद होतो तो कमिट डीफॉल्ट ब्रँचमध्ये पोहोचल्यावर. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात ही ओळ असेल आणि रिक्वेस्ट डीफॉल्ट सोडून ‘डेव्हलप’सारख्या ब्रँचकडे असेल, तर गिटहब त्या शब्दाकडे दुर्लक्ष करतं. रिलीज ब्रँचवर काम करणाऱ्या टीममध्ये ‘मर्ज झालं, मग इश्यू उघडा कसा?’ हा प्रश्न त्यातूनच येतो.

शब्दही ठरलेले आहेत: क्लोज, फिक्स, रिझॉल्व्ह आणि त्यांची रूपं, मिळून नऊ, तीही रोमन लिपीतली. संदेश मराठीत लिहायला गिटची काही हरकत नाही, पण ‘सुटला’ लिहून काही सुटत नाही. दोन इश्यू बंद करायचे असतील, तर प्रत्येक क्रमांकाआधी तो शब्द पुन्हा लिहावा लागतो.

ब्रँचच्या नावात ४२ घातलं म्हणजे ती जोडली गेली, असंही गिटहबवर होत नाही. त्यासाठी ‘जीएच इश्यू डेव्हलप’ आहे: ती इश्यूला खरोखर जोडलेली ब्रँच सर्व्हरवर तयार करते. मला या साधनातली हीच आज्ञा सर्वांत कामाची वाटते, आणि वापरताना मात्र फारसं कुणी दिसत नाही.

शेवटचं, इश्यू क्रमांकाबद्दल. इश्यू आणि पुल रिक्वेस्ट एकाच क्रमवारीत मोजले जातात, त्यामुळे #३०० म्हणजे तीनशे तक्रारी नव्हेत. आणि एडिटरमध्ये संदेश लिहिताना ओळ # ने सुरू केलीत, तर गिट ती शेरा समजून गाळून टाकतं. क्रमांकाआधी एखादा शब्द असू द्या.