धूर आणि धग : अखंड टर्की धुरावून शिजविण्याची रीत

मोठ्या सणाच्या जेवणात एखादा पदार्थ असा असतो की, तो वाढण्यापूर्वी सर्वांसमोर अखंड मांडला जातो. पाश्चात्त्य देशांत नाताळच्या मेजवानीत हा मान बहुधा टर्की पक्ष्याला मिळतो. त्याला भट्टीत भाजतात, तसेच लाकडाच्या धुरात तासन्‌तास ठेवूनही शिजवितात. धार किंवा देवासच्या एखाद्या घरी हा दुसरा बेत ठरला, तर तो साधावा कसा आणि त्यात धोका कोठे असतो, हे आज सांगावयाचे आहे.

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातला. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘पेरू’ म्हणतात, हिंदीतही तेच नाव आहे. मराठी माणसाला मात्र त्या शब्दाने फळच आठवते. १६१२ साली जहांगीर बादशहाच्या आज्ञेवरून मुकर्रबखान गोव्यास गेला. तेथून त्याने जे अपूर्व पशुपक्षी आणले, त्यांत टर्की होता. त्याच्या मानेचे सरड्याप्रमाणे पालटणारे रंग बादशहाने आत्मचरित्रात वर्णिले आहेत. चित्रकार मन्सूरने काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हाच बादशहा पुढे १६१७ साली धारजवळच्या मांडूस कित्येक महिने मुक्कामास होता. त्याच मांडूत, त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी, सुलतान घियासशहा व त्याचा पुत्र नासिरशहा यांच्या काळात ‘निमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ सिद्ध झाला होता. शिकारीच्या वेळी करावयाचे पदार्थही त्यात आहेत. तात्पर्य, पक्षी परका असला, तरी त्याला रांधण्याची हौस या भूमीला परकी नाही.

धूरही आपणांस परका नाही. वरणाच्या किंवा भरताच्या मध्यभागी वाटीत निखारा ठेवावयाचा, त्यावर तुपाचे चार थेंब सोडावयाचे आणि झाकण घालावयाचे, हा धुंगार घराघरांत ठाऊक आहे. परंतु हीच ओळख फसविणारी ठरते. धुंगार आपण आधीच शिजलेल्या पदार्थाला देतो. टर्की मात्र धुरात कच्चाच ठेवावयाचा असतो. धूर चव देतो, रंग देतो, सुवास देतो. पण तो शिजवीत नाही. शिजविते ती धग. हा भेद ज्याने ध्यानात ठेवला, त्याला निम्मी विद्या साधली.

लाकूड मंद जळू लागले की, त्यातून फिनॉल वर्गाची द्रव्ये निघतात. धुराचा वास व चव मुख्यतः त्यांची. इतर काही द्रव्ये कातडीला तांबूस सोनेरी रंग आणतात. हे घडण्यास विस्तवाला वारा हवा. वारा कोंडला की पांढरा, दाट धूर निघतो आणि मांस कडवट होते. पातळ, निळसर धूर तो चांगला. लाकूड कठीण, वाळलेले व बिनराळेचे असावे. आंब्याचे उत्तम, पेरूचेही चांगले, म्हणजे नावाचा मेळही बसतो! चीड, देवदार, रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड यांना मात्र हात लावू नये.

पक्षी पाच-सहा किलोंहून मोठा घेऊ नये. कारण असे की, चार ते साठ अंश सेल्सिअस या टप्प्यात रोगजंतू झपाट्याने वाढतात. मंद धगीवर मोठ्या पक्ष्याचा गाभा या टप्प्यातून लवकर बाहेर पडत नाही. त्याच कारणाने पोटात सारण भरू नये. गोठविलेला पक्षी शीतकपाटात ठेवूनच सैल करावा. त्यास दर दोन-अडीच किलोंमागे एक दिवस लागतो. मग लिटरभर पाण्यास साठ ग्रॅम मीठ या प्रमाणात केलेल्या पाण्यात तो बारा तास बुडवून ठेवावा. मिठामुळे मांस आपला ओलावा धरून ठेवते. विकत घेतलेल्या पक्ष्यास आधीच मीठ लावलेले असेल, तर हे करू नये. हे भांडेही शीतकपाटातच हवे. माळव्यातील हिवाळ्याची रात्र कितीही गार वाटली, तरी तिच्यावर विसंबू नये. नंतर पक्षी पुसून कोरडा करावा.

यंत्र नसले तरी अडत नाही. विटांची बंदिस्त चूल रचून वर लोखंडी झाकण ठेवले की पुरे. विस्तव एका बाजूस, पक्षी दुसऱ्या बाजूस जाळीवर. त्याच्याखाली पाण्याची परात ठेवावी, म्हणजे चरबी विस्तवावर पडून काजळी धरणार नाही. त्या काजळीत आरोग्यास अपायकारक द्रव्ये असतात. वीट सरकवून वारा कमी-जास्त करावा. धग कोळशाच्या निखाऱ्यांची ठेवावी आणि धुरासाठी लाकडाचे तुकडे अधूनमधून घालावेत. चुलीतील उष्णता ११० ते १३५ अंशांच्या दरम्यान राखावी. १२० अंशांवर पाच किलोंच्या पक्ष्यास सुमारे पाच-साडेपाच तास लागतात. पहिले दोन तास धूर दिला की चव पुरेशी उतरते. पुढे केवळ धग सांभाळावयाची. झाकण वारंवार उघडणाऱ्याचे जेवण उशिराच होते.

आता परीक्षा. धुरावलेल्या मांसात कातडीखाली गुलाबी कडा राहते. ती धुरातील वायूंची किमया असते, कच्चेपणाची खूण नव्हे. उलट, वरून सुंदर तांबूस दिसणारा पक्षी आत कच्चा असू शकतो. म्हणून डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. उष्णतामापकाची सुई हाडाला न लागता छातीच्या जाड भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूस खुपसावी. दोन्हीकडे ७४ अंश भरले, तरच पक्षी शिजला असे समजावे.

टर्की मिळाला नाही, तर झाबुआ, अलीराजपूर व धार या भागांतला कडकनाथ कोंबडा आहेच. झाबुआच्या कडकनाथास २०१८ साली भौगोलिक निर्देशांकाचा मानही मिळाला. त्याचे मांसच काळे, तेव्हा रंगावरून परीक्षा करण्याचा प्रश्नच उरत नाही. तेथे सुई हाच न्यायाधीश. हा पक्षी लहान व कमी चरबीचा असल्याने दोन-अडीच तासांत शिजतो, पण लवकर कोरडाही पडतो. त्याला तूप चोळावे व धूर दिल्यावर केळीच्या पानात गुंडाळावे. या भागातील भिल्ल लोक मक्याचे पानिये पळसाच्या पानांत भाजतात, त्यातही पान वाफ धरून ठेवण्याचे हेच काम करते.

चुलीवरून उतरविलेला पक्षी अर्धा तास तसाच ठेवावा, म्हणजे रस मांसात मुरतो, मगच कापावा. उरलेले मांस दोन तासांच्या आत शीतकपाटात जावे. सणाचा पाहुणा तृप्त होऊन जावा, ही यजमानाची इच्छा असते. तो दुसऱ्या दिवशीही धडधाकट असावा, ही त्याची जबाबदारी असते. पहिली गोष्ट धूर साधून देतो, दुसरी धग. दोहोंचा मान राखला, तर मेजवानी खऱ्या अर्थाने पार पडली असे म्हणता येईल.