आपली कागदपत्रे परक्याच्या कपाटात!

भाड्याच्या घरात राहणाऱ्याला भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी मालकाला विचारावे लागते. आज आपली बहुतेक मंडळे, संस्था आणि कार्यकर्ते अशाच घरात राहत आहेत. बैठकीचे इतिवृत्त गुगल डॉक्समध्ये, सभासदांची यादी गुगल शीटमध्ये, जयंतीची छायाचित्रे ड्राइव्हवर आणि अत्याचाराच्या प्रकरणातील फिर्यादीची प्रत कुणाच्या तरी ई-मेलमध्ये! मालक भाडे मागत नाही म्हणून आपण खूष आहोत. पण किल्ली कोणाच्या हातात आहे, हे आपण कधी विचारले आहे काय?

मालकाचे नियम मालक बदलतो. गुगलने १ जून २०२१ पासून छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि सगळे मिळून १५ जीबीची मर्यादा घातली. जुलै २०२५ मध्ये तर मायक्रोसॉफ्टने युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर नायरा एनर्जी या भारतात तेल शुद्ध करणाऱ्या कंपनीच्या सेवा अचानक रोखल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या बलाढ्य कंपनीची ही गत, तर खेड्यातल्या मंडळाने कोणाचे दार ठोठवायचे?

याला पर्याय आहे. त्याला मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला तो काट्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. वजनकाटा बंद पेटीत असेल तर शेतकऱ्याने नुसता विश्वास ठेवायचा. काटा उघडून तपासता आला तर काटामारी पकडता येते. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरची घडण अशीच उघडी असते. ते कोणीही तपासावे, सुधारावे, वाटावे.

गुगल ड्राइव्हच्या जागी नेक्स्टक्लाउड आहे. २०१६ साली सुरू झालेले हे सॉफ्टवेअर आपल्या स्वतःच्या संगणकावर बसवता येते. फायली, दिनदर्शिका, संपर्क सगळे त्यात राहते, आणि कोलाबोरा जोडले की एकाच कागदावर चौघांना एकाच वेळी लिहिता येते. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस, व्हिडिओ बैठकीसाठी जित्सी. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ साली सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिबरऑफिसवर नेण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळांतील मुले कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर शिकत आहेत. केंद्र सरकारनेही २०१५ साली मुक्त-स्रोत धोरण स्वीकारले.

बंद पेटीचा फटका मराठीने आधीच खाल्ला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी वेगवेगळ्या फाँटांत टंकलेली किती तरी पत्रके, स्मरणिका, भाषणे आज उघडली तर पडद्यावर अर्थहीन चिन्हे दिसतात. फाँट गेला की मजकूरही गेला! म्हणून कागद युनिकोडमध्ये आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या ओडीएफ या खुल्या प्रकारात जपणे, हे आपले पहिले काम आहे.

आता कुंडलकडे पाहू. हे गाव औंध संस्थानात होते. १९४३ नंतरच्या साताऱ्याच्या प्रतिसरकारचे ते महत्त्वाचे केंद्र. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्या पिढीने इंग्रजाला नुसत्या शिव्या घातल्या नाहीत. गावोगावी स्वतःचे न्यायदान, स्वतःची व्यवस्था उभी केली. पुढे याच परिसराने सहकार पाहिला. दहा जणांनी थोडे थोडे घालून सामाईक मालकीची गोष्ट उभी करणे येथील माणसाला नवे नाही. मग कुंडल-पलूस भागातील दहा-बारा मंडळांनी वर्गणी काढून एक सामाईक सर्व्हर का चालवू नये?

हे फुकट होईल, असे आम्ही म्हणत नाही. सॉफ्टवेअरला परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण यंत्र लागते, वीज गेल्यावर इन्व्हर्टर लागतो, इंटरनेट लागते. सर्वांत जास्त लागतो तो देखभाल करणारा माणूस. वेळेवर अद्ययावत केले नाही तर चोर शिरतात. दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवली नाही, तर एका शॉर्टसर्किटने सारे संपते. संगणक शिकलेली आपली मुले-मुली आज घरोघरी आहेत. त्यांना हे काम द्या आणि त्याचे मानधनही द्या.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. आज मंडळाचे खाते एका पदाधिकाऱ्याच्या नावावर असते. तो रुसला, गटात फूट पडली, की सभासद यादीपासून हिशेबापर्यंत सगळे त्याच्याबरोबर जाते. आपल्या चळवळीला फुटीचा अनुभव काय कमी आहे? सर्व्हर स्वतःचा केला आणि पासवर्ड पुन्हा एकाच पुढाऱ्याच्या खिशात ठेवला, तर फक्त मालक बदलला. किल्ली किमान तिघांकडे हवी, त्यात एक महिला कार्यकर्ती हवी, आणि नियम लेखी हवेत.

बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात आपल्याला जागा मिळेल, या आशेवर ते बसले नाहीत. पुढे चळवळीचा स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा राहिला. छापखाना चालवणे तेव्हाही सोपे नव्हते. पैशाची ओढाताण नित्याची होती. तरीही तो हवा होता, कारण आपला शब्द परक्याच्या मर्जीवर सोडायचा नव्हता.

सगळे एका दिवसात सोडा, असे आमचे म्हणणे नाही. या महिन्यात लिबरऑफिस बसवा. पुढच्या महिन्यात ड्राइव्हवरील सर्व कागद उतरवून दोन ठिकाणी ठेवा. मग शेजारच्या मंडळाला बोलावून सर्व्हरची बैठक घ्या. आणि त्या बैठकीचे इतिवृत्त आपल्याच कपाटात ठेवा!