शून्य पाऊस की रिकामे उत्तर?

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून वाहत खाली महाडला येते. तेव्हा वर पोलादपुरात किती पाऊस पडला, हे महाडकरांना वेळेवर कळलेले बरे. 22 जुलै 2021 चा महापूर महाडमध्ये कोण विसरेल?

समजा, महाडच्या एका शाळेने दोन्ही गावांच्या पर्जन्यमापकांवरील नोंदी संगणकाच्या डेटाबेसमध्ये साठवल्या आहेत. वेबपानामागे एक छोटी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, असते. ती डेटाबेसला एसक्यूएल भाषेत प्रश्न विचारते आणि दिवसभराच्या नोंदींची बेरीज पानावर छापते. एके दिवशी बाहेर मुसळधार पाऊस, आणि पान म्हणते : ‘पोलादपूर – 0 मि.मी.’ काही चुकल्याची सूचनाही नाही! आता शोध कोठून सुरू करायचा?

स्क्रिप्टने प्रत्यक्षात पाठवलेला प्रश्न प्रथम जसाच्या तसा छापून पाहावा. आपण लिहिला असे आपल्याला वाटते तो प्रश्न आणि खरोखर गेलेला प्रश्न पुष्कळदा वेगळे निघतात. मग तोच प्रश्न हाताने थेट डेटाबेसला विचारावा. तेथेही एकही नोंद जुळली नाही, तर प्रश्नातील शब्द आणि कोष्टकातील शब्द अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत.

आमच्या उदाहरणात प्रश्नात ‘पोलादपूर’ आहे आणि कोष्टकात ‘पोलादपुर’! लिहिणाऱ्याला तरी काय म्हणावे? ‘पोलादपुरात’ लिहिताना उकार ऱ्हस्वच असतो. आपण दोन्ही शब्द एकच समजून वाचतो. संगणकापाशी मात्र प्रत्येक चिन्हाला युनिकोडचा क्रमांक असतो : ऱ्हस्व उकाराचा 2369, दीर्घाचा 2370. क्रमांक निराळे, म्हणून गावेही निराळी. नावाआधी नकळत पडलेली मोकळी जागासुद्धा असाच घोळ घालते.

पण मग 0 आला कोठून? एकही नोंद जुळली नाही, तर एसक्यूएलमधील बेरीज 0 येत नाही. ‘नल’ येते, म्हणजे ‘माहिती नाही’. पीएचपीसारख्या भाषेत नलचे पूर्णांकात रूपांतर केले की 0 मिळतो. स्क्रिप्टने नेमके तेच केले. उकाराची चूक कोणाच्याही हातून होईल. ‘ठाऊक नाही’चे ‘पाऊस नाही’ झाले, हा दोष मला अधिक गंभीर वाटतो.

उपाय दोन्हीकडे करावा लागतो. गावांची नावे वेगळ्या कोष्टकात एकदाच लिहून प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि पावसाच्या नोंदीत फक्त तो क्रमांक ठेवावा. छापण्यापूर्वी उत्तर नल आहे का, हे स्क्रिप्टने तपासावे. असल्यास पानावर ‘नोंद मिळाली नाही’ असे यावे. मग मुद्दाम अस्तित्वात नसलेल्या गावाचे नाव विचारून पाहा. पान काय छापते?