स्वयंपाकाचं शिक्षण: शाळेच्या खिचडीपासून नोकरीपर्यंत

दहावीचा निकाल जवळ आला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: पोरीला पुढं कशाला घालायचं? नर्सिंग, डी.एड., पोलीस भरती अशी दोन-चार नावं होतात आणि बोलणं थांबतं. अन्नाशी संबंधित शिक्षणाचं नाव कुणी काढत नाही. स्वयंपाक काय शिकायचा, तो घरातच येतो, असं आपणच म्हणतो ना? आज त्याबद्दल बोलू. सुरुवात शाळेतल्या खिचडीपासून करू, कारण हे शिक्षण तिथूनच सुरू होऊ शकतं.

शाळेत दुपारचं जेवण देण्याची केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. 2021 पासून तिचं नाव पीएम पोषण झालं, पण गावात अजून सगळे खिचडीच म्हणतात. त्या खिचडीचं माप ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीसाठी 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ, 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं.

आता शंभर लहान मुलांचा हिशेब करा. दहा किलो तांदूळ, दोन किलो डाळ, पाच किलो भाजी, अर्धा किलो तेल. चौथीच्या मुलाला हे गणित फळ्यावर घातलं तर ते कंटाळवाणं वाटेल. तेच पातेल्यापाशी नेऊन, तराजू हातात देऊन करायला लावलं तर विसरणार नाही. डाळ कमी पडली की काय होतं, हेही तिथंच सांगता येतं. तांदळाच्या प्रथिनात एक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो; डाळीत जो कमी, तो तांदळात असतो. आपल्या वरणभाताचं, भाकरी-पिठल्याचं शास्त्र हेच आहे.

हा धडा शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही. शाळेत स्वयंपाक करणारी ताई शंभर मुलांचं पाणी नजरेनं घालते, पावसाळ्यात डाळीला कीड लागू देत नाही. तिला वर्गात उभं करून ‘हे कसं करता ते सांगा’ असं किती शाळांनी विचारलं? आमच्या मते तिचं मानधन वाढायला हवं हे तर आहेच, पण तिच्याकडे शिकवण्यासारखं काही आहे हे मुलांना दिसणंही तेवढंच गरजेचं आहे. आणि हो, धडा मुलग्यांनाही हवा. भाकरी थापता येणारा मुलगा शहरात शिकायला गेला तर उपाशी राहत नाही.

मोठ्या वर्गांत पुढचं शिकवता येतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह अंगी जास्त लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागतं, एवढं आठवीच्या पोरीला कळलं तरी घरातल्या चार बायकांपर्यंत पोचतं. दुकानातल्या पाकिटावर घटकांची यादी असते. जो पदार्थ वजनानं सर्वात जास्त, तो पहिला छापावा लागतो. बिस्किटाच्या पुड्यावर दुसरं-तिसरं नाव साखरेचं दिसलं की बाकी सांगावं लागत नाही.

आता रोजगाराकडे वळू. सोलापूरकडची कडक भाकरी घ्या. ज्वारीची पातळ भाकरी पापडासारखी वाळवली की कित्येक दिवस टिकते. का टिकते? बुरशीला वाढायला ओल लागते आणि आपण ती काढून घेतलेली असते. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा हे काम करतात, वरचा तेलाचा थर हवा अडवतो. जॅममध्ये साखर राखण करते. आपल्या सासवांना हे हातानं ठाऊक होतं. प्रशिक्षणात त्याला माप मिळतं: ओल किती टक्के राहिली, साखर किती झाली, पिशवी कोणत्या जाडीची हवी, तारीख किती दिवसांची टाकायची. घरच्या बरणीला अंदाज चालतो. पुण्या-मुंबईच्या दुकानदाराला दर खेपेला तीच चव आणि खरी तारीख लागते. गावची ज्वारी पोत्यानं व्यापाऱ्याकडे जाते आणि तिचाच चिवडा चकचकीत पाकिटातून आपल्याकडे परत येतो. मधलं काम ज्याला येतं, मधले पैसे त्याचे.

ते काम शिकायच्या वाटा अनेक आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये बेकरी, खाद्यपदार्थ उत्पादन, फळ-भाजी प्रक्रिया असे एक वर्षाचे अभ्यासक्रम असतात. प्रत्येक आयटीआयत सगळे नसतात, म्हणून आधी जाऊन विचारावं. बारावी सायन्स झालेल्या मुलीला सीईटी देऊन अन्नतंत्रज्ञानाच्या चार वर्षांच्या पदवीला जाता येतं. परभणीच्या कृषी विद्यापीठातलं अन्नतंत्र महाविद्यालय 1976 पासून हे शिकवतंय. ही पदवी घेतलेली मुलगी कारखान्यात मालाची तपासणी करू शकते, सरकारी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या परीक्षेलाही बसू शकते. गृहविज्ञान शिकून आहारतज्ज्ञ होता येतं. आणि शाळा सुटून वीस वर्षं झालेल्या आपल्यासारख्यांसाठी जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आणि बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. तिथं पापड, लोणची, मसाले यांचं थोड्या दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. बँकेच्या संस्थेत तर राहणं-जेवणासकट मोफत.

हॉटेल मॅनेजमेंटच्या खासगी कॉलेजांच्या मोठमोठ्या फोटोंना मात्र भुलू नका. मान्यता कुणाची, फीमध्ये गणवेश आणि साहित्य धरलंय का, विद्यार्थी आठवड्यातून किती तास प्रत्यक्ष चुलीपाशी असतात आणि मागच्या वर्षीच्या मुली आज कुठं कामाला आहेत, हे चार प्रश्न विचारा. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर पैसे भरू नका.

एक गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमाआधी शिकायची आहे, ती म्हणजे किंमत काढणं. गटात भाकरीचा भाव ठरवताना ज्वारी, दळण, गॅस आणि पिशवी धरली जाते. गाडीभाडं कधी धरतो, कधी नाही. फुटलेल्या भाकऱ्या धरत नाही. स्वतःची मजुरी तर कुणीच धरत नाही, ‘घरचंच काम’ म्हणून. मग वर्षाअखेर उलाढाल दिसते आणि हातात काही राहत नाही. तेवढाच वेळ दुसऱ्याच्या रानात खुरपलं असतं तर किती रोज मिळाला असता, तो आकडा भाकरीच्या किमतीत घाला. भाव जास्त वाटला तर गिऱ्हाईक तसं सांगेल, पण आधीच स्वतःला फुकट धरू नका. विकायचं म्हटलं की अन्न सुरक्षेची नोंदणीही लागते. लहान उद्योगाला तिची फी वर्षाला शंभर रुपये आहे, आणि मिळालेला 14 आकडी नंबर पाकिटावर छापायचा असतो.

शाळेत हे सुरू करायचं तर कुणाला सांगायचं? शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. आपल्यातलीच कुणीतरी त्या समितीत असते, फक्त सहीपुरती. पुढच्या सभेत तिनं दोन मागण्या मांडाव्यात: महिन्यातून एक तास स्वयंपाकघरातला, आणि नववी-दहावीच्या मुलामुलींची एक सहल आयटीआय किंवा कृषी विज्ञान केंद्रात. गावची शाळा आठवीपर्यंतच असेल तर हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना गटाच्या लेटरहेडवर पत्र द्या.

कॉलेज लांब आहे म्हणून पोरीला घरी बसवणार असाल तर थांबा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पुढच्या व्यावसायिक पदवीसाठीही, घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, 2024 पासून मुलींना फीमध्ये मोठी सवलत आहे. आपल्या प्रवर्गाला ती कशी लागू होते ते कॉलेजात विचारून घ्या. त्यासाठी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला लागतो. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात, सर्व्हर बंद पडतो. म्हणून मैत्रिणींनो, दाखल्यांचे अर्ज परीक्षा संपली की त्याच आठवड्यात देऊन टाका.