सेन्सर, साबण आणि बादलीभर पाणी

नरक चतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे लावून कढत पाण्याने न्हाण्याची आपली रीत तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या दिवाळीत त्याच पहाटे आमच्या घरी एक लहानसा अपघात झाला. माझी आई पुतणीला तेल लावत होती. डावा खांदा, मग दंड. उटण्याचा हात दंडावरून फिरला आणि रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी अशी एक पांढरी चकती सुटून पाटावर पडली. चार दिवसांपूर्वीच लावलेली, चौदा दिवस चालणारी, चार-पाच हजार रुपये किमतीची. आईच्या डोळ्यांत पाणी आले. पुतणीच तिची समजूत घालत होती.

पुतणी नववीत आहे. आठव्या वर्षापासून तिला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराचीच संरक्षक यंत्रणा चुकून स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मग इन्सुलिन बाहेरून टोचून घ्यावे लागते, आणि किती घ्यावे हे ठरवण्यासाठी रक्तातील ग्लुकोज वारंवार मोजावे लागते. पूर्वी त्यासाठी दिवसातून पाच-सहा वेळा बोटाला सुई टोचावी लागे. आता दंडावरची चकती दर काही मिनिटांनी मोजमाप घेते आणि आकडा मोबाइलवर दिसतो. मराठीत तिला संवेदक म्हणता येईल, पण घरात सगळे सेन्सरच म्हणतात. मीही तसेच म्हणतो.

त्या दिवाळीनंतर घरात एक नवा नियम झाला : दंडाला पाणी लावायचे नाही. पोर डावा हात बादलीपासून लांब धरून कशीबशी आंघोळ करू लागली. कधी नुसते हातपाय धुऊन शाळेत जाई. शेवटी एकदा चिडून तिने मला विचारले, "काका, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? मग सांगा, पाण्याने हा बिघडतो की नाही?"

प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र पाण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टींकडे घेऊन गेले.

आधी सेन्सरचे पोट पाहू. चकतीच्या खालून केसासारखा बारीक, लवचीक तंतू निघतो. लावताना सुईच्या साहाय्याने तो त्वचेखाली जातो आणि सुई लगेच बाहेर येते. फ्रीस्टाइल लिब्रे या प्रचलित सेन्सरचा तंतू सुमारे ५ मिलिमीटर आत असतो, तर चकतीचा व्यास ३५ मिलिमीटर आणि जाडी ५ मिलिमीटर असते. तंतू रक्तवाहिनीत शिरत नाही, पेशींच्या मधल्या द्रवात राहतो. त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या विकराचा थर असतो. हे विकर फक्त ग्लुकोजला हात घालते, ग्लुकोजच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह वाहतो. जितके ग्लुकोज जास्त, तितका प्रवाह जास्त. विकर आणि विद्युतअग्र यांची अशी सांगड घालण्याची कल्पना लीलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली अमेरिकेत मांडली. तुमच्या प्रयोगशाळेत बेनेडिक्ट द्रावण निळ्याचे विटकरी होते ना? आमच्या लहानपणी मधुमेही माणसे घरी स्वतःच्या लघवीची तशीच परीक्षा करीत. तिथपासून दंडावरच्या चकतीपर्यंत आपण आलो, तेही एकाच माणसाच्या आयुष्यात.

म्हणजे आतला तंतू तर कायम ओलाच असतो. ओलाव्याशिवाय त्याचे काम चालत नाही. जपायची ती वरची चकती : तिच्यातील घटमाला, परिपथ आणि प्रक्षेपक. त्यासाठी खोक्यावर एक संकेत छापलेला असतो. लिब्रेवर तो आयपी २७ असा आहे. हे दोन स्वतंत्र आकडे आहेत, सत्तावीस नव्हे. पहिला २ घन वस्तूंविषयी : बोटासारखी जाड वस्तू आत शिरणार नाही, एवढेच. दुसरा ७ पाण्याविषयी : १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे ठेवले तरी अपाय होईल इतके पाणी आत जाणार नाही.

१ मीटर खोल म्हणजे किती दाब? सूत्र तुम्हाला येते : घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले खोली. १००० × ९.८ × १ म्हणजे ९८०० पास्कल. चकतीचे क्षेत्रफळ साधारण साडेनऊ चौरस सेंटिमीटर, म्हणून तिच्यावर एकूण ९.४ न्यूटन बल येईल. चकतीवर जवळजवळ एक किलोचे वजन ठेवावे तितके. हे ती अर्धा तास सोसते.

आता तांब्या घ्या. खांद्यावरून अर्धा मीटर खाली दंडावर पडणारी धार तिथे थांबते, तेव्हा तिची गतिज ऊर्जा दाबात बदलते. हिशेब केला तर हा दाब अर्धा मीटर खोल पाण्याइतकाच येतो. उंची तीच, सूत्र तेच. आमच्या छत्रपती संभाजीनगरातली पाणचक्की ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सांगायला नको. तेथे डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणून, कोणत्याही पंपाशिवाय, उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत चढवले आहे आणि तेथून ते हौदात कोसळते. एके काळी त्या जोरावर जाते फिरत असे. उगम किती उंचावर आहे यावर सारा जोर. तेव्हा बादली-तांब्याच्या आंघोळीला चकतीने भ्यायचे कारण नाही, आणि पाण्याची ओढाताण नेहमीची असलेल्या आमच्या गावात बहुतेकांची आंघोळ तीच.

शॉवरचे थोडे निराळे. गच्चीवरची टाकी शॉवरच्या ६ मीटर वर असेल, तर नळात साधारण ५९ हजार पास्कल दाब असतो. नळातले घर्षण आणि शॉवरची चाळण यांत त्यातला बराच खर्च होतो आणि पाणी थेंबाथेंबांत फुटते, म्हणून नेहमीच्या शॉवरखाली उभे राहायला हरकत नाही. मात्र जोराची एकच धार, विशेषतः हातात धरायच्या फवाऱ्याची, चकतीच्या कडेवर रोखून धरू नये. धारेचा मारा सोसण्याची परीक्षा वेगळी असते आणि तिचे आकडे ५ व ६ आहेत. माणूस सातवीत गेला म्हणजे पाचवी-सहावी पास झालेला असतो. या संकेतात तसे नाही. आणि विहिरीच्या काठावरून सूर मारणाऱ्या वीरांनी १ मीटर आणि ३० मिनिटे हे दोन्ही आकडे लक्षात ठेवावेत. निरनिराळ्या सेन्सरांची मर्यादा निराळी असते, तेव्हा ज्याचे त्याने खोके वाचावे.

मग दिवाळीत चकती पडली कशाने? पाण्याने नव्हे. तिला धरून ठेवणारा चिकट थर सुटला.

चिकटपट्टीचा डिंक सुकत नाही. तो अतिशय दाट, रेंगाळत वाहणारा पदार्थ असतो. दाबल्यावर तो त्वचेच्या बारीक खाचांत हळूहळू उतरतो, म्हणून तासाभरापूर्वी लावलेल्या पट्टीपेक्षा दिवसभर बसलेली पट्टी घट्ट असते. यावरून एक साधी गोष्ट निघते : नवा सेन्सर आंघोळीच्या आधी लावू नये, आंघोळ करून त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावर लावावा. पुढच्या आंघोळीपर्यंत डिंकाला जवळजवळ एक दिवस मिळतो. तेल, पावडर, क्रीम यांचा थर आधीच असेल तर डिंक त्वचेला भेटतच नाही, त्या थरालाच चिकटतो.

साबणाचे काम आणखी चोरटे आहे. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. साबण विरघळला की तो ३० च्या आसपास येतो. नुसते पाणी पट्टीच्या कडेवर थेंब होऊन बसते आणि ओघळून जाते. साबणाचे पाणी तेथे पसरते, कडेखालच्या सूक्ष्म फटीत घुसते. तेल तर डिंकातच मुरते आणि त्याला मऊ करते. एकदा कड उचलली गेली की पुढचे काम टॉवेल करतो. पट्टी सरळ सरकवून काढायला फार बल लागते, कारण सगळा पृष्ठभाग एकदम विरोध करतो. कडेपासून सोलून काढायला फारच थोडे पुरते, कारण बल एका रेषेवरच एकवटते. टर्किश टॉवेलचे वेढे नेमके कडेत अडकतात. आमच्याकडे आता आजोबांचा जुना पंचा त्या कामाला आहे, तोही पुसायला नव्हे, थोपटायला.

हे पुतणीला नुसते सांगून पटले नाही, म्हणून आम्ही प्रयोग केला. तुम्हीही करा, शाळेतही करता येईल. स्टीलचे ताट स्वच्छ पुसून त्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी चिकटपट्टीचे सारख्या लांबीचे चार तुकडे चिकटवा. प्रत्येकाचे एक टोक मोकळे ठेवा. एकाला काही करू नका. दुसऱ्यावर पाणी, तिसऱ्यावर साबणाचे पाणी आणि चौथ्यावर खोबरेल तेल कडेने सोडा. अर्ध्या तासाने मोकळ्या टोकाला धागा बांधून त्याला कागदी पेला अडकवा, ताट आडवे उचलून पट्ट्या खाली येतील असे धरा आणि पेल्यात एकेक नाणे टाकत जा. पट्टी सोलली जाऊ लागते तेव्हा किती नाणी झाली ते लिहा. ताट म्हणजे त्वचा नव्हे आणि कागदी पट्टी म्हणजे सेन्सरची पट्टी नव्हे, ही शंका काढणारा विद्यार्थी वर्गात असेल तर शिक्षकांनी त्याला शाबासकी द्यावी आणि मग तोच फरक कसा तपासता येईल हे त्यालाच विचारावे.

इथवर सगळे पैशांच्या नुकसानीचे. खरी भीती मला जानेवारीतल्या एका रविवारी कळली. पुतणीने सकाळचे इन्सुलिन घेतले. पोहे व्हायला वेळ होता, म्हणून वहिनी म्हणाल्या, "तोवर डोके धुऊन घे." थंडीचे दिवस, गरम पाणी भरपूर. बाई अर्धा तास आतच. बाहेर फळीवर ठेवलेला तिचा मोबाइल वाजू लागला. वहिनींनी दार ठोठावले तर आतून उत्तर नाही. दुसऱ्यांदा ठोठावल्यावर कडी सरकली. ती स्टुलावर बसली होती, हात थरथरत होते, बोलणे जड झाले होते. बोट टोचून पाहिले तर ५८. ग्लुकोजचे प्रमाण ७० मिलिग्रॅमच्या खाली गेले की ते कमी समजतात. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा वर येत होता.

झाले काय होते? उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. पोटाच्या कातडीखाली टोचलेले इन्सुलिन मग नेहमीपेक्षा वेगाने रक्तात शिरते. फिनलंडमध्ये वाफेच्या स्नानाची प्रथा आहे. तेथील संशोधक कोइविस्तो यांनी १९८० साली दाखवले की अशा स्नानात इन्सुलिनचे शोषण जलद होते. आमच्याकडे वाफेऐवजी गिझर होता, आणि पोटात अन्न नव्हते. कढत पाण्यात घाम, धडधड, अशक्तपणा ही लक्षणे 'गरम होतंय' म्हणून अंगावरून जातात, हा आणखी एक घोटाळा.

सेन्सरही येथे थोडा मागे असतो. रक्तातील ग्लुकोज पेशींमधल्या द्रवात उतरायला काही मिनिटे लागतात, म्हणून वेगाने घसरण चालू असताना पडद्यावरचा आकडा जुना असतो. आकड्याशेजारचा बाण खाली वळलेला असेल तर आकडा चांगला असला तरी आंघोळीला जाऊ नये. अंगाला बरे वाटत नाही आणि आकडा मात्र ठीक दिसतो, तेव्हा बोट टोचूनच खात्री करावी. गरम पाण्याने चकती बिघडेल का, असेही पुतणीने विचारले. लिब्रेची कामाची मर्यादा १० ते ४५ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे सोसवेल अशा पाण्याला ती पुरते. बंबातले कढत पाणी थेट दंडावर ओतणारा आधी स्वतः ओरडेल.

मोबाइल त्या दिवशी दाराजवळ होता म्हणून वाजला. असे सेन्सर ब्लूटूथने, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींनी बोलतात, आणि या लहरी पाणी चांगल्याच शोषते. ओले अंग, मध्ये भिंत आणि मोबाइल स्वयंपाकघरात, असे असेल तर संदेश पोहोचेलच असे नाही. चकती मोजमापे साठवून ठेवते आणि संपर्क येताच आलेखातली फट भरून काढते, पण न वाजलेली घंटा मागाहून वाजून काय उपयोग?

शिक्षकांसाठी एक गोष्ट. काही मुलांच्या अंगावर सेन्सरखेरीज इन्सुलिनचा पंपही असतो. दोन्ही एक नव्हेत, पंपाचे पाण्याविषयीचे नियम निराळे आहेत आणि ते डॉक्टरांकडूनच समजून घ्यावेत. आमच्या शहरात डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था मधुमेही मुलांसाठी काम करते. अशा मुलांच्या दंडावरची चकती वर्गात कुतूहलाचा विषय होते, ती ओढून पाहण्याचा मोह होतो. सोलण्याचे बल किती थोडे लागते ते वरच्या प्रयोगात मुलांना आधीच दाखवलेले बरे.

आता घरी आंघोळ पोह्यांनंतर असते. न्हाणीघराची कडी वहिनींनी काढूनच टाकली आहे आणि दारावर 'आत आहे' अशी पाटी लटकते. आईनेही आपला नियम मागे घेतला. येत्या दिवाळीला तेल लावीन, म्हणते, पण दंडावर तळहाताएवढी जागा सोडून. पुतणीचा नवा प्रश्न असा : रात्री डाव्या कुशीवर झोपले की आकडा उगाच कमी का दिसतो? दाबाने त्या जागेचे अभिसरण मंदावते, हे अर्धे उत्तर मी दिले आहे. उरलेले अर्धे तिने स्वतःच्या वहीतल्या नोंदींवरून काढायचे आहे.