एका धावेवर पोराचा दम जोखू नका!

शेतकरी बंधूंनो, मातीचा नमुना एकाच जागेवरून घेऊन चालत नाही, हे तुम्ही जाणताच. मग पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराचा दम एकाच धावेवरून का जोखता?

अमेरिकी हवाई दलातील डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ साली बारा मिनिटांच्या धावेची चाचणी मांडली. अंतर जास्त, तितका दम जास्त. प्रयोगशाळेतल्या प्राणवायूच्या मोजणीशी तिचा मेळ चांगला बसला. पण नवखा गडी सुरुवातीलाच जोर लावतो अन् मागाहून ढेपाळतो. ऊन, वारा, चिखल यांनीही आकडा फिरतो.

भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. गावात पावलांनी मोजलेले अंतर शंभर मीटर कमी भरले, तर खऱ्या मैदानावर वीसेक सेकंद जादा लागतात आणि पोराचे वर्ष वाया जाते.

तेव्हा ग्रामपंचायतीने फितीने अंतर मोजून खुणा रोवाव्यात. चाचणी सकाळी, ठरल्या वेळी, त्याच मैदानावर, दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हा घ्यावी. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तरच ते खरे धरा.