दोष रक्तपेशीचा नाही, ती ज्यात पोहते त्या रक्तद्रवाचा!

किडनी निकामी झालेल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन का घसरतं? 'तांबड्या पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन किडनीतून कमी येतं' हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेली गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

निरोगी शरीरात तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. किडनी निकामी झाल्यावर हे आयुष्य बरंच घटतं. 1950च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं, की निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी अशा रुग्णाच्या शरीरात लवकर मरतात. रुग्णाच्या पेशी मात्र निरोगी शरीरात जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतात. म्हणजे बिघाड पेशीभोवतालच्या रक्तात आहे!

एक गुन्हेगार म्हणजे इंडॉक्सिल सल्फेट. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून आतड्यातले जिवाणू इंडोल तयार करतात, यकृत त्याचं हे रूप बनवतं आणि किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. किडनी थकली की ते साचतं. मग तांबड्या पेशीच्या आवरणात आतल्या बाजूला असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध पदार्थ बाहेर येतो. 'मला खाऊन टाक' अशी ही खूणच. ती ओळखून भक्षकपेशी त्या तांबड्या पेशीला गिळतात.

बिघडलेल्या रक्ताचा फटका इतर पेशींनाही बसतो. प्लेटलेट्सची संख्या बहुधा ठीक असते, पण त्या नीट चिकटत नाहीत, म्हणून रक्तस्राव लांबतो. पांढऱ्या पेशीही मंदावतात, म्हणून जंतुसंसर्ग सहज होतो.

इंडॉक्सिल सल्फेट अल्ब्युमिनला घट्ट चिकटलेलं असल्याने डायलिसिसमध्ये थोडंच निघतं. म्हणून घरात किडनीचा रुग्ण असेल, तर डायलिसिस चालू असलं तरी साध्या तापाकडे किंवा हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताकडे दुर्लक्ष करू नका. लगेच डॉक्टरांना सांगा.